सारांशाचा प्रश्न: एक तृतीयांशात काय ठेवायचं?

यूपीएससी मुख्य परीक्षेच्या अनिवार्य मराठी पेपरात ३०० पैकी ६० गुण सारांशाला, म्हणजे दिलेला उतारा एक तृतीयांश शब्दांत लिहिण्याला असतात. तीन तासांच्या हिशेबाने त्याच्या वाट्याला ३६ मिनिटं येतात. पेपर फक्त पात्रतेपुरता, २५ टक्के गुण मिळाले की झालं, म्हणून बरेच जण सराव टाळतात आणि मग परीक्षेत उताऱ्यातली वाक्यं गाळत बसतात. गाळून उरतो तो सारांश नव्हे, फाटका उतारा.

पहिलं वाचन पेन खाली ठेवून करा. मग उतारा न बघता एका ओळीत लिहा: लेखकाला नेमकं काय म्हणायचंय? ही ओळ जमेना, तर पुन्हा वाचा. पुढे जाण्यात अर्थ नाही. दुसऱ्या वाचनात ‘पण’, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘कारण’ यांना गोल करा. उताऱ्याचा सांगाडा तिथेच असतो.

हा ४५ शब्दांचा नमुना पाहा:

‘पूर्वी गावात विहीर असली की पाणी किती उरलंय हे आत डोकावलं तरी कळायचं. उन्हाळ्यात तळ दिसू लागला की बायाबापड्या हंडे कमी भरत, ऊस लावणारा हात आखडता घेई. पण बोअरवेल आली आणि पाणी डोळ्याआड गेलं. बटण दाबलं की येतं, ते संपेपर्यंत संपत आलंय हे कळतच नाही.’

नवखा लिहितो: ‘पूर्वी विहिरी होत्या, बायका हंडे कमी भरत. आता बोअरवेल आहेत.’ शब्द कमी झाले, पण ‘का’ हरवला. हंडे आणि ऊस ही उदाहरणं. ती दोन्ही ‘जपून’ या एका शब्दात मावतात. १५ शब्दांत असं होईल: ‘विहिरीतील पाणी दिसत असल्याने लोक ते जपून वापरत, बोअरवेलमुळे साठा दिसेनासा झाला आणि अंदाज सुटला.’

मराठीत शब्द वाचवायची सोय भाषेतच आहे. ‘ज्यांना लिहितावाचता येत नाही असे लोक’ म्हणजे ‘निरक्षर’: सहाचा एक. मात्र समासांची आगगाडी जोडू नका, वाचणारा अडखळतो. आकडे युक्तिवाद पेलत असतील तरच ठेवा. उताऱ्यातला ‘मी’ तृतीय पुरुषात न्या, पण दर वाक्याला ‘लेखक म्हणतात’ नको. आपलं मत तर अजिबात नको, उतारा कितीही चुकीचा वाटला तरी.

शीर्षक द्यायचं की नाही, हे सूचनेत वाचा. सवयीने देऊ नका. कच्चं लिखाण झालं की शब्द मोजा आणि वाढले असतील तर आधी विशेषणं उडवा, ‘म्हणून’ आणि ‘पण’ला हात लावू नका.