पंचगंगेचा घाट जलरंगात उतरवताना

घाटावर पोचलात की लगेच पेन्सिल काढू नका. आधी ठरवा, चित्र कुणाचं आहे: दगडाचं, पाण्याचं की आभाळाचं? तिघांनाही सारखा मान दिलात की चित्राचं कॅलेंडर होतं.

आमच्या कोल्हापूरच्या घाटावर मी संध्याकाळच धरतो. सूर्य नदीपलीकडे उतरतो, त्यामुळे पात्रातली छोटी देवळं आणि दीपमाळा उजेडाच्या आड येतात आणि नक्षीकाम सगळं गडद आकारात बुडून जातं. निवांत भाव हवा असेल तर हीच वेळ. सकाळचं ऊन गावाकडून, आपल्या पाठीमागून येतं. दगडन् दगड दिसायला लागतो आणि हात बारकाव्यात अडकतो. टाउन हॉल म्युझियममध्ये कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहमान यांची चित्रं आहेत. ती बघून या, मग बसा.

पाण्याला महत्त्व द्यायचं म्हणून पलीकडचा काठ मी कागदाच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात ठेवतो. दीपमाळ मधोमध नको, थोडी डावीकडे, आणि तिचं टोक त्या काठाच्या रेषेला छेदून आभाळात जाऊ द्या. सगळ्या आडव्या रेषांत ही एकच उभी, नजर तिथंच थांबते. पायऱ्यांची तिरपी रेघ कागदाच्या नेमक्या कोपऱ्यातून काढू नका, जरा वरून सुरू करा.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड घ्या, पातळ कागद पाणी पडलं की फुगतो. आभाळ आणि पाणी एकाच ओल्या वॉशमध्ये, म्हणजे पाणीदार रंगाच्या पातळ थरात मारा, म्हणजे दोन्हींचा रंग जुळतो. काळ्या दगडासाठी ट्यूबमधला काळा नको, मेल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळा. उन्हाकडच्या कडेला सिएना जास्त, सावलीत निळा जास्त.

प्रतिबिंबात बहुतेकांची गडबड होते. ते वस्तूच्या बरोबर खाली पडतं, सावलीसारखं तिरपं नाही. गडद देवळाचं प्रतिबिंब देवळापेक्षा किंचित फिकं, उजळ आभाळाचं किंचित गडद. वॉश अजून ओलसर असतानाच ब्रश सरळ खाली ओढा, नंतर कोरड्या सपाट ब्रशनं दोनतीन आडव्या रेघा पुसून काढा, लाटा होतात.

माणसं शेवटी, आणि थोडीच. धुणं धुणारी एखादी बाई, तिच्या लुगड्याचा लाल ठिपका. म्हशी पाण्यात उतरल्या असतील तर अख्खी म्हैस काढत बसू नका. डोकं, शिंगं आणि पाठीचा उंचवटा पुरे. ओल्या पाठीवरची चमक मात्र पांढऱ्या रंगानं द्यायची नाही, तेवढा कागद आधीच कोरा सोडा.