थाळीच्या हॉटेलात पैसा कुठे मुरतो

हॉटेल व्यवसायात नव्याने उतरणारे लोक एक प्रश्न हमखास विचारतात : रविवारी दुपारी दारात रांग लागत असूनही महिनाअखेरीस हाती काही का उरत नाही? कोल्हापुरात मटण थाळीच्या एका हॉटेलात मी आधी गल्ला सांभाळला आणि पुढे व्यवस्थापक म्हणून काम केले. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, या प्रश्नाचे उत्तर भटारखान्याच्या वजनकाट्यावर शोधावे. विक्री वाढवण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतात. आपल्या एका ताटाला नेमका किती खर्च येतो, हे मात्र फार थोड्या मालकांना सांगता येते.

मटणाचेच उदाहरण घेऊ. समजा, मटणाचा दर किलोला ७५० रुपये आहे आणि एका किलोत सात ताटे निघायला हवीत. म्हणजे ताटामागे मटणाचे साधारण १०७ रुपये झाले. वाढणाऱ्याचा हात सैल असला आणि किलोत सहाच ताटे निघाली, तर तोच खर्च १२५ रुपयांवर जातो. दिवसाला शंभर ताटे धरली, तर हा फरक जवळजवळ अठराशे रुपये होतो आणि महिन्याला पन्नास हजारांच्या वर जातो. एवढी रक्कम कोणी चोरली असती, तर आपण पोलिसांत गेलो असतो. पळीतून गेली म्हणून ती दिसत नाही. यावर उपाय साधा आहे. कच्चे मटण वजन करूनच शिजायला द्यावे, शिजल्यावर पुन्हा वजन करावे आणि ताटात किती तुकडे, किती ग्रॅम जायचे ते ठरवून द्यावे. भटारखान्यात काटा ठेवला की वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी, सुरुवातीला हमखास नाराज होतो, कारण त्याला तो आपल्या हातावरचा अविश्वास वाटतो. म्हणून पहिले वजन त्यालाच करू द्यावे आणि प्रमाणही त्याच्याच सल्ल्याने ठरवावे.

तांबडा-पांढरा रस्सा हा याहून अवघड विषय आहे. हवा तेवढा रस्सा वाढणे ही आपल्याकडची रीत आहे आणि नवख्याने ती मोडण्याच्या फंदात पडू नये. वाटीला पैसे लावणाऱ्या हॉटेलाची चर्चा पेठेत संध्याकाळपर्यंत पोहोचते. परंतु पांढऱ्या रश्श्यात नारळाचे दूध, खसखस, काजू आणि तीळ पडतात. खसखस तर इतकी महाग असते की ती कुलपातच ठेवावी लागते. ताटातला हा फुकट वाटणारा पदार्थ प्रत्यक्षात चांगलाच खर्चिक असतो. आमच्याकडे एका दुपारी उष्ट्या वाट्यांत उरलेला रस्सा वेगळ्या पातेल्यात ओतायला सांगितला होता. ते पातेले भरलेले पाहिल्यावर वाढप्यांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही. त्यानंतर वाट्या लहान घेतल्या, पहिल्यांदा पाऊण वाटीच वाढायची असे ठरले आणि एका मुलाला केवळ गरम रश्श्याची किटली घेऊन टेबलांमधून फिरण्याचे काम दिले. मागायच्या आत वाफाळता रस्सा वाटीत पडू लागल्याने गिऱ्हाईक अधिक खूश झाले आणि खर्चही उतरला.

महिन्याचा मालखर्च काढताना नुसती खरेदीची बिले जोडू नयेत. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, वजा अखेरचा साठा, हाच खरा वापर होय. त्याला विक्रीने भागले की टक्केवारी मिळते. तिखट, तेल आणि सुके खोबरे अनेक जण एकदम भरून ठेवतात, त्यामुळे साठा न मोजल्यास एक महिना विनाकारण तोट्याचा दिसतो आणि पुढचा खोटा नफ्याचा. मालखर्च विक्रीच्या ३० ते ३५ टक्के असावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. मटणाच्या हॉटेलात तो याहून वर जातो, म्हणून मग पगार आणि भाडे यांवर घट्ट पकड ठेवावी लागते.

मात्र केवळ टक्केवारीवर विसंबू नये. ९० रुपयांच्या मिसळीला ३० रुपये खर्च येत असेल, तर मालखर्च ३३ टक्के झाला. ३५० रुपयांच्या थाळीला १६० रुपये येत असतील, तर जवळपास ४६ टक्के. कागदावर मिसळ सरस दिसते, पण ती ६० रुपये ठेवते आणि थाळी १९०. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाचे मायकेल कसावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी १९८२ मध्ये पदार्थांची जी वर्गवारी मांडली, तिचा आधार हाच आहे : प्रत्येक पदार्थ किती खपतो आणि विकला गेल्यावर किती रुपये मागे ठेवतो, हे एकत्र पाहायचे. त्यांच्या हिशेबाने वीस पदार्थांच्या यादीत प्रत्येकाचा सरासरी वाटा ५ टक्के धरला, तर त्याच्या ७० टक्के, म्हणजे साडेतीन टक्के खप असलेला पदार्थ लोकप्रिय मानायचा. खपही नाही आणि पैसेही नाहीत, असे पदार्थ यादीतून निर्धास्तपणे काढावेत. थाळीच्या हॉटेलात पनीरचे दहा प्रकार का असतात, हे मला अजून उमगलेले नाही. मिसळीला मात्र मी हात लावणार नाही. सकाळी थाळी कोणी खात नाही आणि भाडे तर त्या वेळेचेही द्यावेच लागते.

पार्सलच्या ॲपवर जाण्यापूर्वी हाच हिशेब पुन्हा मांडावा. कमिशन २५ टक्के धरले, तर ३५० रुपयांच्या थाळीतून ८७ रुपये तिथेच जातात. रस्सा न सांडणाऱ्या डब्यांचा खर्च वेगळा. ॲपसाठी सुके मटण आणि भाकरी अशी आटोपशीर, वेगळी यादी ठेवणे बरे.

कोल्हापूरचे खाणे वारांवर चालते. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मटणाचे. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि संकष्टी मंदीची. आखाडात पाय ठेवायला जागा नसते आणि श्रावण लागला की टेबले ओस पडतात. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावची गर्दी लोटते, पण ती बहुतेक शाकाहारी थाळी मागते. म्हणून खरेदी आणि माणसे, दोन्हींचे नियोजन पंचांग समोर ठेवून करावे. कामगारांच्या गावाकडच्या रजा, रंगरंगोटी आणि शेगड्यांची दुरुस्ती श्रावणात उरकावी. मंदीच्या दिवसांत पगार कापणे हा मात्र आतबट्ट्याचा व्यवहार आहे; दिवाळीत ऐन गर्दीत भाकरी थापणारी बाई निघून गेली, तर तेवढ्या हाताची दुसरी मिळत नाही.

कराबाबत एकच मुद्दा. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या हॉटेलांना ५ टक्के जीएसटी लागतो, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. व्यावसायिक गॅसवरचा १८ टक्के कर आपल्याच खिशातून जातो, म्हणून सिलिंडरची किंमत करासह धरावी.

दरवाढ सर्वांत शेवटी करावी, आणि करताना सगळी यादी एकदम बदलू नये. रोजचे गिऱ्हाईक ज्या एक-दोन पदार्थांवरून हॉटेल स्वस्त की महाग ते ठरवते, ते पदार्थ शक्यतो जुन्याच दरावर ठेवावेत आणि बाकीच्यांत दहा-वीस रुपयांची वाढ करावी. यासाठी श्रावण संपल्यानंतरचा आठवडा मला सोयीचा वाटत आला आहे, कारण महिनाभर थांबलेला माणूस त्या दिवसांत आधी रस्सा पाहतो आणि मग दरफलक.