एकाच नावाची चार गाणी, त्यातलं नेमकं आपलं कसं निवडायचं (लग्नाची यादी करणाऱ्यांसाठी)

आमच्याकडे अमळनेर-पारोळा पट्ट्यात लग्न ठरलं की हळदीच्या, वरातीच्या, बिदाईच्या गाण्यांची यादी माझ्याकडे येते, कितीतरी वर्षं हेच करतोय. यादीत फक्त नावं असतात, झुमका, एक दो तीन, बाबुल, झिंगाट. आणि जो तो सांगतो, यूट्यूबवर नाव टाक, पहिलं येतं तेच असतं, किंवा ज्याला जास्त व्ह्यूज ते घे. कृपा करून हे ऐकू नका. व्ह्यूजवरून गाणं किती चाललं ते कळतं, वधूच्या मामाच्या मनात कोणतं होतं ते नाही कळत.

आधी यादी घ्या, आणि प्रत्येक गाण्यापुढे ते कोणी सांगितलं त्याचं नाव लिहा. वराती, हळद, जेवण, बिदाई असे चार फोल्डर करा. झालं.

आता खरं काम. नाव सारखं असलेली गाणी सगळी एकाच कारणाने सारखी नसतात, आणि हे लक्षात यायला मला फार वेळ लागला. काही गाण्यांचा एकमेकांशी काही संबंधच नसतो. 'एक दो तीन' म्हटलं की सगळ्यांना १९८८ चा तेजाब आठवतो, पण १९५१ च्या आवारामध्ये शमशाद बेगमचं 'एक दो तीन' आहे, ते पूर्ण वेगळं गाणं. तेजाबचं तरी एकच आहे का, अलका याज्ञिकचं आहे आणि अमित कुमारच्या आवाजातही आहे, वर २०१८ च्या बागी २ मध्ये श्रेया घोषालने परत गायलंय. म्हणजे 'एक दो तीन' लाव असं म्हणणाऱ्याने तुम्हाला काहीच सांगितलेलं नसतं.

काही ठिकाणी सिनेमा पण तोच, गाणं पण तेच, फक्त आवाज वेगळा. राजा हिंदुस्तानी (१९९६) मधलं 'आये हो मेरी जिंदगी में' उदित नारायणचं वेगळं आणि अलकाचं वेगळं. 'मेरे नैना सावन भादों' किशोरचं पण आहे आणि लताबाईंचं पण, दोन्ही १९७६ च्या मेहबूबातली. इथे सिनेमा विचारून भागत नाही, आवाज बाईचा की माणसाचा हेच विचारायचं, आणि नवरा-नवरी स्वतः कराओकेवर गाणार असतील तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा, कारण पट्टी चुकली की दोन ओळीत आवाज बसतो.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा, चाल तीच आणि शब्द दुसरे. झिंगाट घ्या. सैराट २०१६ चा, धडक २०१८ चा, दोन्हीकडे अजय-अतुलच, त्यामुळे नुसत्या म्युझिकवर ओळखायला गेलात तर फसाल. तुम्ही सुरुवात ऐकून ओके म्हणता, आणि मांडवात पोरं हात वर करून मराठी शब्दांची वाट बघत असताना हिंदी सुरू होतं. मी ते बघितलंय, अर्धी पोरं नाचायची थांबतात. म्हणून सुरुवात ऐकून कधीच पास करू नका, शब्द सुरू होईपर्यंत ऐका, आणि मग सरळ मधल्या कडव्यावर जा.

आणि झुमका. खान्देशातल्या लग्नात कोणी येऊन म्हणालं "भाऊ, झुमका लाव ना", तर आधी त्याचं वय बघा. आजी-काकू असेल तर १९६६ च्या मेरा सायातलं, आशाबाईंचं, मदनमोहनचं. कॉलेजातली मुलगी असेल तर २०२३ चं 'व्हॉट झुमका' असू शकतं, त्यात जुन्याचीच ओळ घेतलीय त्यामुळे गुणगुणून दाखवलं तरी घोळ होतो. आणि वरातीतली पोरं असतील तर त्यांना अहिराणी 'हाई झुमकावाली पोर'च पाहिजे असतं, दुसरं काही लावून बघाच. शोधताना 'हाई' लिहा, 'हाय' नाही. अहिराणीत हाई म्हणजे ही, पण बाहेरच्या माणसाला ते उसासा टाकल्यासारखं 'हाय' ऐकू येतं आणि तो तसंच टाइप करतो. त्यात या गाण्याचे डीजे मिक्स ढिगाने, काहींत मूळ आवाज नीट ऐकूच येत नाही. मूळ घ्या, ठोका वाढवायचं काम साउंडवाला करतो.

बायकांच्या कार्यक्रमाची यादी असेल तर अजून जपून. 'आथानी कैरी'सारख्या आखाजीच्या, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय तृतीयेच्या, गाण्यांना नावं कोणी दिलेलीच नाहीत, पहिली ओळ हेच नाव, आणि प्रत्येक गावाची म्हणायची ढब वेगळी. बहिणाबाईंचं 'अरे संसार संसार' १९६१ च्या मानिनीत आहे, नंतर कितीतरी जणींनी म्हटलंय. आमच्या घरची चाल कोणती हे जाऊन म्हातारीलाच विचारा, ती म्हणून दाखवते, मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. गाणं ओळखणारं अॅप या कामाला वापरू नका, ते फार तर रेकॉर्ड झालेलं गाणं ओळखतं, म्हातारीच्या मनातलं नाही.

सांगणाऱ्याला तीनच गोष्टी विचारा, सिनेमा कोणता, आवाज कोणाचा, आणि मुखड्यानंतरची ओळ काय. तिसरी सगळ्यात कामाची. मुखडा दहा गाण्यांचा सारखा निघेल, कडवं सहसा निघत नाही.

हे मी एका बिदाईत शिकलो. यादीत नुसतं 'बाबुल' लिहिलेलं. मी १९५० च्या बाबुल सिनेमातलं 'छोड बाबुल का घर' भरलं, गाणं चांगलंच आहे, बिदाईचंच आहे, मला वाटलं झालं काम. मुलीच्या वडिलांना पाहिजे होतं नीलकमलमधलं रफीसाहेबांचं, १९६८ चं, 'बाबुल की दुआएं'. ते मुलीचा हात धरून उभे होते, गाणं सुरू झालं तसं मान वळवून माझ्याकडे बघितलं, एवढंच म्हणाले, "हे नाही रे भाऊ." गावात रेंज नव्हती. मी मोबाइल घेऊन शाळेच्या ओट्यावर चढलो, गाणं उतरेपर्यंत गाडी फाट्याला लागली होती. ते नंतर मला एक शब्द बोलले नाहीत, पैसे पण पूर्ण दिले, त्याचंच जास्त लागलं.

बाकी सोपं आहे. फाइलला नाव देताना गाणं, सिनेमा, साल, गायक या क्रमाने लिहा आणि नावाच्या सुरुवातीला ०१, ०२ आकडे टाका. नाव रोमन लिपीत ठेवा, बऱ्याच प्लेअरवर देवनागरीचे चौकोन दिसतात. पेनड्राइव्ह दोन करा.

आणि यादीत बाबुल असेल तर मी आता आदल्या रात्री थेट मुलीच्या वडिलांना फोन लावतो, स्पीकरजवळ मोबाइल धरून पहिलं कडवं पूर्ण ऐकवतो, आणि ते "हा, हेच" म्हणेपर्यंत फोन ठेवत नाही.