कुलूप बदलण्याआधी चौकट तपासा: घरफोडी रोखण्याची कामं, क्रमाने

आसपास कुठे घरफोडी झाली की बहुतेक जण मोठं कुलूप आणतात आणि दारावर कॅमेरा लावतात. आम्ही सुचवतो तो क्रम वेगळा आहे. आधी चौकट, मग कुलूप, खिडक्या, दिवे, शेजारपाजार आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा. चोरट्याला वेळ लागणं आणि आवाज होणं, या दोन गोष्टी नको असतात. मजबूत चौकट या दोन्ही गोष्टी त्याच्या माथी मारते. कॅमेरा फक्त तो आत कसा शिरला ते दाखवतो.

चौकट आणि बिजागऱ्या

दारावर लाथ बसते तेव्हा कुलूप सहसा तुटत नाही. कुलपाचा दांडा ज्या खाचेत जातो, तिथली चौकटीवरची पट्टी उखडते. ही पट्टी आज खोलून पाहा. बऱ्याच दारांना तिथे दोनच स्क्रू असतात आणि तेही जेमतेम 20 मिमीचे. म्हणजे महागडं कुलूप बोटाच्या पेराएवढ्या लाकडाच्या भरवशावर उभं असतं.

तिच्या जागी चार किंवा सहा भोकांची लांब, जाड पट्टी बसवा. भिंतीचा सांगाडा लाकडी असेल तर 75 मिमीचे स्क्रू वापरा, म्हणजे ते चौकट ओलांडून आतल्या उभ्या लाकडात जातील. भिंत विटांची किंवा काँक्रीटची असेल तर नुसते लांब स्क्रू उपयोगाचे नाहीत. प्लगसह येणारे चौकटीचे फास्टनर घ्या आणि त्यांची लांबी अशी निवडा, की प्लास्टर सोडून किमान 50 मिमी भाग भिंतीत जाईल. लाकडी चौकटीत 5 मिमीच्या स्क्रूसाठी आधी 3 मिमीच्या बिटने भोक पाडून घ्या, नाहीतर लाकूड उभं चिरतं आणि पट्टी पहिल्यापेक्षा कमजोर होते.

इथे एक चूक हमखास होते. चौकट आणि भिंत यांच्यात फट असली की लांब स्क्रू आवळताना चौकट भिंतीकडे ओढली जाते, वाकते, आणि दार अडकू लागतं किंवा कुलपाचा दांडा खाचेपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून आधी फटीत लाकडाच्या पाचरी घट्ट बसवा. शेवटचे चार-पाच वेढे ड्रिलने न देता हाताने द्या आणि प्रत्येक वेढ्यानंतर दार लावून पाहा. दार न ओढता, न रेटता किल्ली फिरली पाहिजे. ती ताकद लावून फिरवावी लागत असेल तर महिन्याभरात घरातले लोक कुलूप न लावता नुसतं दार ओढून घेऊ लागतील.

दांडा खाचेत पूर्ण जातो का, तेही पाहा. किमान 25 मिमी बाहेर येणारा दांडा हवा. पेन्सिल घालून खाचेची खोली मोजा. खाच उथळ असली तर दांडा अर्ध्यातच अडतो, पूर्ण बाहेर आल्यावर बसणारा अटकाव बसत नाही आणि तो पात्याने मागे सारता येतो.

दार बाहेर उघडत असेल तर बिजागऱ्यांच्या पिना बाहेरच्या बाजूला राहतात. पिन काढली की दार कुलपासकट उचलता येतं. उपाय अगदी स्वस्त आहे. वरच्या आणि खालच्या बिजागरीच्या दोन पात्यांमधला समोरासमोरचा एकेक स्क्रू काढा. एका बाजूच्या भोकात जाड स्क्रू बसवून त्याचं डोकं कापा, 10 मिमी बाहेर ठेवा. समोरचं भोक तो शिरेल इतकं मोठं करा. दार बंद झालं की हा खुंटा समोरच्या पात्यात जाऊन बसतो आणि पिन गेली तरी दार निघत नाही.

दार आतून पोकळ असेल, म्हणजे दोन पातळ प्लायवुडमध्ये जाळी असेल, तर वरच्या सगळ्या कामाला अर्थ नाही. मुख्य दार 35 ते 45 मिमी जाडीचं आणि भरीव हवं.

कुलूप

दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं लांबट सिलिंडर (किल्ली जिच्यात जाते ती धातूची नळी) असलेलं कुलूप असेल तर बाहेरून बोट फिरवून पाहा. सिलिंडर मुठीच्या पट्टीच्या 3 मिमीपेक्षा जास्त पुढे आलेलं असेल तर ते पक्कडीत धरून मोडता येतं. ते मधोमध, जिथे स्क्रूचं भोक असतं तिथेच मोडतं, कारण तिथे धातू सर्वांत पातळ असतो. मोडणं रोखणाऱ्या सिलिंडरला बाहेरच्या भागात मुद्दाम एक खाच दिलेली असते. तेवढाच तुकडा तुटतो, बाकीचं जागच्या जागी राहतं.

सिलिंडर घरच्या घरी बदलता येतं. दाराच्या कडेचा, सिलिंडरच्या रेषेतला लांब स्क्रू काढा. किल्ली घालून थोडीशी, साधारण 15 अंश, फिरवा. मधली जीभ सरळ रेषेत आली की सिलिंडर बाहेर सरकतं. नवं घेताना एकूण लांबी मोजून भागत नाही. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून बाहेरची बाजू वेगळी मोजा, आतली वेगळी. दोन्ही मापं बऱ्याचदा सारखी नसतात आणि नेमकं तिथेच लोक चुकीचं सिलिंडर आणून ते पुढे आलेलं ठेवतात.

दार ओढलं की आपोआप लागणारं लॅच म्हणजे कुलूप नव्हे. त्याची तिरकी जीभ प्लास्टिकच्या कार्डाने मागे सरकवता येते. पाच मिनिटांसाठी बाहेर जाताना देखील किल्ली फिरवा.

बाहेरून कडी-कोयंडा आणि टाळं असेल तर टाळ्यापेक्षा कोयंड्याकडे पाहा. त्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर टाळं कितीही भारी असलं तरी साध्या पेचकसाने काम होतं. तिथे गोल गुळगुळीत डोक्याचे बोल्ट आरपार घाला आणि आतून वॉशर-नट आवळा. टाळ्याची कडी जितकी कमी उघडी राहील तितकं चांगलं, कारण कटरला पकडायला तीच जागा लागते.

खिडक्या

सरकत्या खिडकीची कडी लावलेली असली तरी पल्ला वर उचलून खालच्या रुळातून काढता येतो. त्यासाठी वरच्या रुळात मोकळी जागा ठेवलेलीच असते, कारण बसवताना पल्ला तसाच आत घालतात. खिडकी बंद करा आणि वरच्या रुळात पल्ल्याच्या डोक्यावर दोन स्क्रू असे बसवा, की पल्ला आणि स्क्रू यांच्यात 2 मिमीच अंतर राहील. खालच्या रुळात पल्ला सरकू नये म्हणून लाकडी दांडा आडवा टाका. शेवटी दोन्ही हातांनी पल्ला उचलून पाहाच.

गजांमधलं अंतर 10 ते 12 सेंमीपेक्षा जास्त नको. जाळीचे बोल्ट बाहेरून खोलता येत असतील तर त्यांची डोकी वेल्डिंगने बंद करा. पण प्रत्येक मजल्यावर किमान एक जाळी आतून उघडणारी असायलाच हवी. आग लागली तर बंद जाळी तुमचाच रस्ता अडवते. तिची किल्ली घरात सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा, मात्र खिडकीतून हात किंवा काठी पोचणार नाही इतकी दूर.

दिवे

हालचालीवर लागणारा दिवा 2 ते 2.5 मीटर उंचीवर लावा. त्याचा सेन्सर समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवं जाणाऱ्या माणसाला लवकर टिपतो. म्हणून तो वाटेच्या टोकाला नको, वाटेच्या बाजूला हवा. डोळे दिपवणारा झोत टाळा, त्याच्या मागच्या अंधारात माणूस उभा राहिला तर दिसतच नाही.

शेजारपाजार

इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत 1980च्या दशकात एक प्रयोग झाला. चोरी झालेल्या घराभोवतीच्या मोजक्या घरांनी त्या घरावर लक्ष ठेवायचं ठरवलं. शिवाय ज्यांत नाणी टाकावी लागत, ते गॅस आणि विजेचे मीटर काढले, कारण चोरांचं लक्ष त्या नाण्यांवर असे. तिथल्या चोऱ्या बऱ्याच घटल्या. त्यामागचं निरीक्षण आजही खरं आहे. एकदा फुटलेलं घर आणि त्याच्या लगतची घरं पुढचे काही आठवडे जास्त धोक्यात असतात.

म्हणून शंभर जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नका. शेजारच्या पाच-सहा घरांची पक्की साखळी करा. कोण दिवसा घरी असतं, कोणाकडे कोणाची जादा किल्ली आहे, गावाला गेल्यावर दारातली पत्रं-पार्सलं कोण उचलणार, हे आधीच ठरवा. किल्लीवर नाव किंवा घर क्रमांक लिहू नका. कुंडीखाली, पायपुसण्याखाली, चप्पलस्टँडमध्ये किल्ली ठेवणं तर आजच थांबवा.

संशय माणसाच्या वेशावर, भाषेवर किंवा अनोळखी चेहऱ्यावर घेऊ नका, त्याच्या वागण्यावर घ्या. दारांच्या मुठी फिरवून पाहणं, बेल वाजवून उत्तर न आल्यावर मागच्या बाजूला जाणं, वाहनात बसून तासन्‌तास एकाच घराकडे पाहणं, हे वागणं झालं. असं दिसलं तर आधी पोलिसांना फोन, मग ग्रुपवर मेसेज. पाठलाग करू नका, घेराव घालू नका. अफवेवरून निरपराध माणसाला मारहाण होणं हाही गुन्हाच आहे आणि तो चोरीपेक्षा कितीतरी भयंकर आहे. फोनवर वेळ, जागा, जाण्याची दिशा, वाहनाचा क्रमांक आणि बुटांचं वर्णन द्या. जॅकेट काढून टाकता येतं, बूट सहसा बदलले जात नाहीत. उंचीचा अंदाज दाराच्या चौकटीशी तुलना करून सांगा.

कॅमेरा

चेहरा ओळखायचा असेल तर दृश्याच्या दर मीटर रुंदीला 250 पिक्सेल, म्हणजे चित्रातले ठिपके, हा प्रचलित निकष आहे. 2 मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी 1920 पिक्सेल असते, म्हणजे सुमारे साडेसात मीटर रुंदीपर्यंतच चेहरा ओळखता येईल. एकाच कॅमेऱ्यात अख्खं अंगण पकडलं की चेहऱ्याच्या जागी ठिपका उरतो. दारावरचा कॅमेरा 2 ते 2.2 मीटरवर ठेवा. त्याहून उंच गेला की टोपीच दिसते.

साठवण आधी मोजून घ्या. 2 एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला 2 मेगाबिटने, सतत रेकॉर्डिंग केलं तर एक कॅमेरा दिवसाला सुमारे 21.6 जीबी घेतो. 1 टीबीच्या डिस्कवर चार कॅमेऱ्यांचं जेमतेम 11 दिवसांचं चित्रण राहतं. महिनाभर गावाला जाणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. रेकॉर्डर दर्शनी टेबलावर नको, मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, घड्याळ दर महिन्याला तपासा आणि लेन्ससमोरची कोळ्याची जाळी पुसा. शेजाऱ्यांच्या खिडक्या कॅमेऱ्याच्या चित्रात येत असतील तर कॅमेरा वळवा.

चोरी झालीच तर

दार फुटलेलं दिसलं तर आत जाऊ नका, चोर आतच असू शकतो. बाहेरूनच फोन करा. पोलीस येईपर्यंत कपाटं, मुठी, काचा यांना हात लावू नका. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक *#06# डायल केल्यावर दिसतो. तो, लॅपटॉपचे सिरीयल क्रमांक आणि दागिन्यांचे फोटो घराबाहेर कुठेतरी आधीच जपून ठेवलेले असतील तर यादी लगेच देता येते. त्याच संध्याकाळी सिलिंडर बदला, चेकबुक आणि कार्डं बंद करा, आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना त्यांची मागची दारं तपासायला सांगा.