मल्टिस्ट्राडा व्ही४ घेतलीत? आधी ती हळू चालवायला शिका

डुकाटी मल्टिस्ट्राडा व्ही४ म्हणजे ११५८ सीसी आणि १७० हॉर्सपॉवरची मोटरसायकल. पण महाराष्ट्रात तिच्या तोडीचे रस्ते तिला बंद आहेत. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, सगळीकडे दुचाकीला मनाई. मग ती धावते कुठे? जुन्या हायवेवर, ताम्हिणीत, आंबा घाटात, गावोगावच्या स्पीडब्रेकरवरून आणि कोकणातल्या फेरीबोटीत. बराचसा वेळ खालच्या गिअरमध्येच जातो. म्हणून नव्या मालकाला माझं कळकळीचं सांगणं आहे की टॉप बॉक्स आणि एक्झॉस्टवर पैसे घालण्याआधी पहिले काही रविवार ताशी १० किलोमीटरच्या वेगाला द्या.

१. जुनी घेत असाल तर कागद आधी वाचा

व्ही४ मध्ये डुकाटीची प्रसिद्ध डेस्मो पद्धत (इंजिनचे व्हॉल्व्ह स्प्रिंगऐवजी यांत्रिक दांड्याने बंद करणारी) नाही, साध्या स्प्रिंगचे व्हॉल्व्ह आहेत. त्यामुळे व्हॉल्व्हची तपासणी थेट ६०,००० किलोमीटरला येते आणि ऑइल १५,००० किलोमीटरला किंवा दोन वर्षांनी बदलायचं असतं. त्याआधीच्या मल्टिस्ट्राडा १२०० किंवा १२६० चं गणित वेगळं आहे. त्यांत डेस्मो आहे आणि टायमिंग बेल्टही. किलोमीटर कमी झाले असले तरी वयामुळे बेल्ट बदलावेच लागतात. तेव्हा 'फक्त ८,००० चाललीय' हे ऐकून खूश होऊ नका, बेल्ट कधी बदलले त्याचं बिल मागा.

२. गाडी अंगाला लावून घ्या

सीट ८४० आणि ८६० मिलिमीटर अशा दोन उंचीवर बसते. सुरुवात खालच्या खाचेपासून करा. दोन्ही पायांचे चवडे टेकत नसतील तर लो सीट घ्या, त्यात कमीपणा काही नाही. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर दोन बोटांत आरामात येतील इतके जवळ घ्या.

मग सस्पेन्शन. व्ही४ एसमध्ये स्क्रीनवर भार निवडता येतो: एकटा, सामानासह, मागे कोणी बसलेलं, दोन्ही. साध्या व्ही४ ला प्रीलोड, म्हणजे मागच्या स्प्रिंगचा ताण, हाताने फिरवून लावावा लागतो. मागे माणूस आणि पॅनियरमध्ये (बाजूच्या पेट्यांत) सामान असताना हे केलं नाही, तर मागची बाजू बसते, पुढची हलकी होते आणि घाटातल्या वळणावर गाडी बाहेर पळते. निघण्याआधी दोन मिनिटं लागतात, आळस करू नका.

३. मोकळं मैदान गाठा

पहिला गिअर, हाफ क्लच, थ्रॉटल किंचित उघडा आणि स्थिर, उजव्या पायाने मागचा ब्रेक हलका दाबलेला. या तिघांच्या ओढाताणीत २४० किलोची गाडी चालत्या माणसाच्या वेगातही तोल सांभाळते. पुढच्या ब्रेकवरची बोटं काढून घ्या. हँडल वळलेलं असताना तो दाबला की गाडी जागच्या जागी आडवी होते. नवीन मोठ्या गाड्या पडतात त्या बहुधा अशाच, पार्किंगमध्ये.

आता गोल फिरा. नजर पुढच्या चाकावर नको. हनुवटी खांद्याकडे न्या आणि जिथे पोचायचंय तिथे बघा. दोन पदरी रस्त्याच्या रुंदीत पाय न टेकवता यू-टर्न जमेपर्यंत हेच करत राहा. मग पॅनियर भरून पुन्हा करा, कारण भरलेली गाडी वेगळीच वागते.

४. घाट आणि गर्दी

पावसात अर्बन मोड ठेवा, त्यात ताकद सुमारे ११५ हॉर्सपॉवरवर येते आणि थ्रॉटल मवाळ होतो. एन्ड्युरो मोडही ताकद कमी करतो, पण त्यात मागच्या चाकाचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद असतं. ओल्या डांबरावर तो नकोच.

चढावर थांबावं लागलं तर ब्रेक घट्ट दाबा. गाडी काही क्षण स्वतःच ब्रेक धरून ठेवते, तेवढ्यात शांतपणे क्लच सोडा. गाडी उभी असताना मागचे दोन सिलिंडर बंद होतात, मांड्यांना लागणारी धग त्याने कमी होते. तरी मे महिन्यात चांदणी चौकात अडकलात तर ती जाणवणारच. जाळीची रायडिंग पँट घाला.

५. फेरीबोट

किनाऱ्याकाठच्या सागरी महामार्गाने जायचं तर दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड इथे खाड्या आडव्या येतात. धक्क्याचा उतार भरतीच्या पाण्याने ओला असतो, कडेला शेवाळ धरतं. मागे बसलेल्याला उतरवा. बोटीतल्या गाड्या पूर्ण बाहेर पडेपर्यंत वर, कोरड्या जागी थांबा. मग उताराच्या मधोमध, पहिल्या गिअरमध्ये, फक्त मागचा ब्रेक. बोटीची लोखंडी फळी टेकलेली असते तिथे एक उंचवटा असतो, तो सरळ चाकाने आणि न थांबता पार करा. तिथे दचकून थांबलात तर एक पाय फळीवर आणि दुसरा पाण्यात अशी अवस्था होते.

आत गेल्यावर खलाशी सांगेल तिथेच लावा. गिअरमध्ये ठेवा, साइड स्टँडवर लावा, पुढच्या ब्रेकचा लिव्हर वेलक्रोच्या पट्टीने ग्रिपला बांधा. आणि गाडीजवळच उभे राहा.

६. पडली तर

आधी इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा आणि गिअर टाका. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करा, बूड सीटच्या कडेला टेकवा, एका हाताने ग्रिप, दुसऱ्याने मागचा हँडल धरा. कंबर वाकवून उचलू नका. पाठ ताठ ठेवून पायांनी मागे रेटत चला. कोकणात मदतीला कोणी ना कोणी धावतंच, पण गरम एक्झॉस्ट कुठे आहे ते त्यांना आधी सांगा.

७. घरी आल्यावर

समुद्राकाठून आलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, प्रेशर जेटने नव्हे, साध्या पाइपने. रेडिएटरच्या जाळीत आणि ब्रेक कॅलिपरमध्ये मीठ बसतं. चेन सुकवून मगच ल्यूब लावा, आणि ते गाडी बंद ठेवून, चाक हाताने फिरवत. इंजिन चालू ठेवून चेन साफ करताना बोटं गेल्याची उदाहरणं आहेत. शेवटी टायरवरून हात फिरवून खिळा किंवा खडी रुतलीय का बघा. टायर ट्यूबलेस आहेत, पंक्चर किट सीटखाली ठेवा आणि ते वापरायचं कसं ते घरीच एकदा करून बघा.