क्रेन अपघाताच्या तपासात या चुका टाळा

क्रेन कोसळली की पहिल्याच दिवशी दोन कारणे सगळ्यांच्या तोंडी असतात : चालकाची चूक आणि जोराचा वारा. ही कारणे पुष्कळदा खरीही ठरतात, आणि तिथेच धोका आहे. कारण एकदा ती रुळली की पुढचा प्रत्येक पुरावा त्यांच्या सोयीने वाचला जातो. ढिगाऱ्यात मोडके भाग भरपूर सापडतात, पण त्यांपैकी बहुतेक कोसळताना किंवा जमिनीवर आपटून मोडलेले असतात. सर्वांत आधी कोणता भाग निकामी झाला, हे ठरेपर्यंत कारणाविषयी एक ओळही लिहू नये. पुढे दिलेल्या बहुतेक चुका नेमका हा क्रम सांगणारा पुरावा पुसून टाकतात.

तुटलेले तुकडे जुळवून पाहणे

तुटलेल्या बोल्टचे किंवा वेल्डचे दोन भाग एकमेकांना नीट बसतात का, हे पाहण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. भंगपृष्ठावरच्या, म्हणजे तुटलेल्या पृष्ठभागावरच्या, खुणा इतक्या सूक्ष्म असतात की एकदा घासले गेल्यावर त्या परत मिळत नाहीत, आणि तारेच्या ब्रशने गंज काढणेही तितकेच घातक असते. मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्रे घ्यावीत, भाग कोरडा करावा, मऊ वेष्टनात ओलावा शोषणाऱ्या पुडीसह वेगळा ठेवावा आणि तो कोणी, कधी, कुठून उचलला याची नोंद त्याच्यासोबतच ठेवावी.

थकव्याने, म्हणजे वारंवार येणाऱ्या भाराने, हळूहळू वाढत गेलेली भेग तुलनेने गुळगुळीत असते आणि तिच्यावर शिंपल्यावरच्या रेषांसारख्या कमानी दिसतात. त्या कमानी ज्या बिंदूभोवती असतात, तिथून भेग सुरू झालेली असते. शेवटी एका झटक्यात तुटलेला उरलेला भाग खडबडीत असतो. गुळगुळीत भाग मोठा आणि खडबडीत भाग लहान असेल, तर तुटतानाचा भार फारसा मोठा नव्हता, आणि तो भाग बराच काळ आतून निकामी होत होता, असे अनुमान निघते. मात्र थकव्याची भेग सापडली म्हणजे अपघाताची सुरुवात तिथूनच झाली, असे होत नाही. जुनी भेग असलेला भागही पडतानाच्या धक्क्याने तुटू शकतो.

तारदोराच्या बाबतीत घाई अधिक होते. ताणाने तुटलेल्या तारेचे टोक तुटण्याच्या जागी बारीक झालेले असते, तर पुलीवर वारंवार वाकून थकलेली तार सहसा बारीक न होता सपाट तुटते. कोसळणाऱ्या क्रेनचा दोर शेवटी ताणानेच तुटतो, त्यामुळे दोन-चार टोके पाहून निष्कर्ष काढू नये. प्रत्येक लडीतील तारा वेगवेगळ्या तपासून थकलेल्या तारांचे प्रमाण काढावे.

रिकाम्या छिद्राकडे दुर्लक्ष करणे

मोडलेला भाग लगेच नजरेत भरतो, नसलेला भाग मात्र शोधावा लागतो. 27 एप्रिल 2019 रोजी सिएटलमध्ये टॉवर क्रेन उतरवली जात असताना ती कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. मनोऱ्याचे भाग जोडणाऱ्या पिना आणि स्लीव्ह (जोडनळ्या) वेळेआधीच काढण्यात आल्या होत्या, असे तिथल्या राज्याच्या कामगार विभागाच्या तपासात आढळले. अशा ठिकाणी प्रत्येक छिद्र स्वतंत्रपणे पाहावे लागते : पिन जागेवर असताना तुटली असेल तर छिद्राची कड ओढलेली किंवा लंबगोल झालेली असते आणि तुकडे जवळपास मिळतात, ती आधीच काढलेली असेल तर छिद्र बहुधा शाबूत राहते. बचावकार्यासाठी गॅस कटर चालवावाच लागला, तर कापण्यापूर्वी कापण्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना रंगाने एकच क्रमांक लिहावा आणि शक्यतो भंगापासून दूर कापावे.

खचलेली जमीन पाहून थांबणे

आउटरिगरखालची, म्हणजे क्रेनला स्थिर ठेवणाऱ्या बाहेर काढलेल्या पायांखालची, जमीन खचलेली दिसली की तपास संपला असे अनेकांना वाटते. पण क्रेन कलंडू लागली की मागचे पाय उचलले जातात आणि सगळे वजन पुढच्या दोन पायांवर, कधी एकाच पायावर येते. त्यामुळे कारण दुसरेच असले तरी पुढचा पाय रुततोच. म्हणून आधी हिशेब करावा. पायावर 60 टन भार असेल आणि तो अर्धा मीटर बाजूच्या चौकोनी पॅडवर येत असेल, तर जमिनीवर दर चौरस मीटरला 240 टन दाब येतो. खाली दोन मीटर बाजूचे, पुरेसे ताठ मॅट असते तर तो 15 टनांवर आला असता. क्रेन कलंडू लागण्याआधीच्या स्थितीतला भार जमीन सहज पेलू शकत होती असे दिसले, तर खचणे हा परिणाम समजून कारण इतरत्र शोधावे. मातीचे नमुने पाऊस येण्यापूर्वी आणि ढिगारा उचलणारी दुसरी क्रेन तिथे फिरण्यापूर्वी घ्यावेत.

लोड चार्टमधला एकच आकडा पाहणे

लोड चार्ट म्हणजे कोणत्या त्रिज्येवर किती भार उचलता येतो याचा तक्ता. त्यावरील क्षमता सहसा एकूण भाराची असते; त्यातून हुक ब्लॉक, स्लिंग, स्प्रेडर बीम आणि बूमवर (क्रेनच्या मुख्य भुजेवर) दुमडून ठेवलेली जिब (जोडभुजा) यांचे वजन वजा करावे लागते. त्रिज्या फिरण्याच्या मध्यापासून हुकपर्यंत मोजायची, आणि तीही भार लटकल्यावर बूम वाकून जेवढी वाढते तेवढी धरून. क्रेन एका अंशाने आडवी कललेली असेल, तर 60 मीटर लांबीच्या, जवळपास उभ्या बूमचे टोक सुमारे एक मीटर बाजूला जाते, आणि असा बाजूचा ताण बूम फारसा सोसू शकत नाही. चार्टच्या ज्या भागात मर्यादा स्थैर्याची नसून बूमच्या ताकदीची असते, तिथे क्रेन उचलल्यासारखी वाटून इशारा मिळत नाही, बूम थेट मोडते. भारदर्शक यंत्र चालू करून पाहण्याआधी त्याची साठवलेली नोंद तज्ज्ञाकडून काढून घ्यावी आणि बायपास स्विचची (यंत्राची सुरक्षा बंद करणाऱ्या बटणाची) स्थिती, तसेच यंत्रात भरलेली बूमची लांबी, काउंटरवेट (तोलासाठीचे वजन) आणि दोराच्या फेऱ्यांची संख्या टिपून ठेवावी. चुकीची रचना भरलेले यंत्र शेवटपर्यंत सुरक्षितच दाखवत राहते.

वाऱ्याचा वेग दूरच्या केंद्रावरून घेणे

हवामान केंद्रातील आकडा सहसा 10 मीटर उंचीवरचा आणि काही मिनिटांच्या सरासरीचा असतो. बूमच्या टोकाशी लागलेला झोत याहून बराच वेगवान असू शकतो. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने सेकंदाला 10 मीटर वेगाचा वारा 14 मीटरवर गेला की दाब जवळजवळ दुप्पट होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वारा फक्त क्रेनवर लागत नाही. 14 जुलै 1999 रोजी मिलवॉकी येथे स्टेडियमच्या छताचा सुमारे 450 टनांचा भाग उचलताना ‘बिग ब्लू’ ही क्रेन कोसळून तीन कामगार मृत्युमुखी पडले. तिथे टांगलेल्या भागाच्या मोठ्या पृष्ठभागावर येणारा वाऱ्याचा जोर हिशेबात धरलेला नव्हता.

काँक्रीटची ताकद चुकीच्या दिवशी मोजणे

क्रेनचा, परांचीचा किंवा साच्याचा आधार नव्या काँक्रीटवर असेल, तर अपघाताच्या क्षणी त्याची ताकद किती होती, हेच महत्त्वाचे ठरते. 27 एप्रिल 1978 रोजी वेस्ट व्हर्जिनियातील विलो आयलंड येथे शीतकरण मनोऱ्याचे काम करणारे 51 कामगार दगावले. थंड हवेत आदल्याच दिवशी ओतलेले काँक्रीट आवश्यक तेवढे कडक झालेले नव्हते आणि मचाण त्यालाच जोडलेले होते. काही आठवड्यांनी काढलेला कोअर (कापून काढलेला दंडगोल नमुना) काँक्रीटची तेव्हाची नव्हे, तर चाचणीच्या दिवसाची ताकद सांगतो. त्यामुळे तापमानाच्या तासागणिक नोंदी मिळवून, त्याच मिश्रणाचे नमुने तेवढ्याच तापमानात तेवढाच वेळ ठेवून दाबावे लागतात, आणि सिमेंट, खडी, वाळू व रसायने यांचे शिल्लक नमुने साइटवरून हलण्यापूर्वी सील करून ताब्यात घ्यावे लागतात.