तानसाच्या जंगलात जाताय? आवाज घरी ठेवा

ठाण्याहून कसारा लोकल पकडून आटगावला उतरलं की तानसा अभयारण्य जवळच. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. साग निष्पर्ण झालेला असतो, त्यामुळे पक्षी लपत नाहीत. मात्र वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी वाजतात, म्हणून मळलेली वाट सोडू नका. पहाटेची गाडी धरा, दहानंतर ऊन नकोसं होतं. पाणी माणशी दोन लिटर तरी हवंच.

इथलं खरं आकर्षण म्हणजे रानपिंगळा, एक छोटं घुबड. नामशेष झाला असं समजलं जाणारा हा पक्षी 1997 मध्ये नंदुरबारकडे पुन्हा सापडला आणि 2014 मध्ये तानसातही दिसला. दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, याच्या डोक्यावर जेमतेम. दिसला की मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून जवळ बोलवायचा मोह होतो, तेवढं कृपा करून टाळा. विणीच्या दिवसांत तो बिचारा त्या आवाजाला प्रतिस्पर्धी समजून घरटं सोडून हुसकायला धावतो.

आणि शिकार म्हणजे फक्त बंदूक नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फासे लावणं, आमिष दाखवणं, पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं हेही शिकारीतच धरलंय. परवानगीशिवाय हत्यार आत नेता येत नाही, त्यामुळे कोयता-गलोल घरीच राहू द्या. विडी-सिगारेटसुद्धा. त्या पाचोळ्याला एक ठिणगी पुरते. शिरताना वनखात्याच्या नाक्यावर परवानगीचं विचारून घ्या. वाटेत कुठे तारेचा फास दिसला तर स्वतः काढत बसू नका. फोटो काढा, जागा नीट लक्षात ठेवा आणि वनरक्षकाला किंवा वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा.